पदकाचा टाक

यवतमाळचा वैशाख काचेवरच्या रेघा पुसून टाकतो, हे इंदूबाई भोयरला लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी कळलं.

काच म्हणजे फोटोची काच. तिच्यावर सरसासारखा एक पातळ थर असतो. धुण्याचं पाणी कोमट झालं की तो थर साईसारखा सरकतो आणि त्यावर जे उमटलेलं असेल ते घेऊन जातो. इंदूबाईचा नवरा नानाजी १९५६ साली नव्या सायन्स कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत चपराशी म्हणून लागला. पुढच्या वर्षी मूर्तिजापूरहून छोट्या गाडीनं एक लांबट लाकडी पेटी आली. स्टेशनापासून कॉलेजापर्यंत ती बैलगाडीत कडब्याच्या गादीवर ठेवून आणली. नानाजी पेटीवर हात ठेवून गाडीच्या शेजारी चालत आला.

पेटीत उजेडाची फोड करणारं यंत्र होतं. कोळशाच्या दोन कांड्यांमध्ये विजेची ठिणगी पेटवायची, तिच्यात मातीची किंवा धातूची चिमूट जाळायची आणि तो झगझगीत उजेड लोलकातून काढून काचेवर घ्यायचा. काच अंधाऱ्या खोलीत धुतली की तिच्यावर रेघा दिसत. लोखंडाच्या वेगळ्या, तांब्याच्या वेगळ्या, चांदीच्या वेगळ्या. या रेघांच्या ओळीला वर्णपट म्हणत. नानाजीनं इंदूबाईला हे चुलीपुढे बसून समजावलं होतं. त्यानं चिमूटभर मीठ जाळात टाकलं, जाळ पिवळा झाला.

"हे मिठाचं," तो म्हणाला. "तांब्याचं हिरवं. ज्याचं त्याचं."

इंदूबाईनं एवढंच म्हटलं की मीठ वाया घालवू नका.

पहिल्या उन्हाळ्यात काचांमागून काचा वाया गेल्या. प्राध्यापक खानझोडे हे विभागाचे प्रमुख. त्यांनी मार्च ते जून काम बंद ठेवायचं ठरवलं होतं. नानाजीनं अंधाऱ्या खोलीमागे लिंबाच्या सावलीत खड्डा खणला, त्यात ओली वाळू भरली आणि माठ गळ्यापर्यंत पुरले. वरून ओलं पोतं. संध्याकाळी पाणी भरायचं, रात्रभर वाऱ्यावर निवू द्यायचं आणि दिवस उगवायच्या आत काचा धुऊन मोकळं व्हायचं. पाणी विहिरीवरून इंदूबाई आणी. पोतं ती भिजवी. पहाटे नानाजी एक एक काच त्या पाण्यातून काढून उजेडाला धरे आणि ती बाहेर वाळूवर पाणी शिंपडत असे. नागपूरहून दोन-तीन जण हे पाहायला आले, मग त्यांनी आपल्याकडेही तसंच केलं. खानझोडे जिथे जात तिथे सांगत की आमच्याकडे मे महिन्यातही काम चालतं, आणि ते भोयरमुळे चालतं.

१९६२ साली पोळ्याला नानाजीनं अंथरूण धरलं. कावीळ होती. डोळे पिवळे झाले, नखं पिवळी झाली, आणि घरोघर गणपती बसले त्या आठवड्यात तो गेला. पोटी मूल नव्हतं.

इंदूबाई रडली नाही. शेजारच्या विमलताई तिला पाठीवर थापट्या मारून म्हणत होत्या, "रड वं बाई. आत राह्यलं तं बिमार पडशीन." ती मान हलवी आणि आलेल्या माणसांना पाय धुवायला पाणी देई. पुढे पंधरवड्यानं खानझोड्यांनी तिला प्रयोगशाळेत पाणी भरायच्या कामावर लावून घेतलं. काम तेच होतं, आता तिच्या नावावर झालं एवढंच. पहाटे काचा धुवायला दुसरा माणूस येई. त्याचा खोकला निराळा होता. ती बाहेर वाळूवर पाणी शिंपडत असे आणि आतून खोकला आला की तिचा हात थोडा थांबे. मग पुन्हा सुरू होई. लोकांना वाटलं ही बाई घट्ट आहे. तसं काही नव्हतं. हातावर झोपल्यावर हात जसा आपला वाटत नाही, तसं तिला सगळं वाटत होतं.

नागपूरला वर्णपटाचा अभ्यास करणाऱ्यांचं एक मंडळ होतं. दर जानेवारीत त्याची सभा भरे आणि दोन मान दिले जात, एक संशोधनाचा आणि एक सेवेचा. संशोधनाच्या मानाला शाल आणि मानपत्र असे. सेवेच्या मानाला चांदीचं पदक. ज्यांनी स्वतः शोध लावला नाही, पण ज्यांच्यावाचून शोध अडला असता, अशांसाठी ते पदक होतं. त्या वर्षी ते नानाजी भोयर याला जाहीर झालं, आणि घ्यायला इंदूबाई गेली.

सोबत तिचा भासरा आला, म्हणजे नानाजीचा थोरला भाऊ रामराव. कळंबजवळच्या गावी त्याचं घर आणि कपाशीचं वावर होतं. भासऱ्याशी भावजय समोरासमोर बोलत नाही. रामराव आणि इंदूबाई एकमेकांशी कधीच थेट बोलले नव्हते. जे काही असे ते रामरावच्या बायकोमार्फत, कोकिळामार्फत चाले. कोकिळा नागपूरला आली नव्हती, म्हणून त्या प्रवासात दोघं एकमेकांशी एक शब्दही बोलले नाहीत. एसटीत रामराव पुढच्या बाकावर बसला, ती मागच्या.

सभेतली भाषणं इंग्रजीत झाली. मधे मधे नानाजीचं नाव येई, तेव्हा लोक तिच्याकडे वळून पाहत. ती व्यासपीठावर गेली, पदर कपाळापर्यंत ओढलेला, एका म्हाताऱ्या गृहस्थांनी तिच्या हातात लाल मखमलीची डबी ठेवली. टाळ्या वाजल्या. आता खाली उतरायचं की थांबायचं हे तिला कळेना, म्हणून ती थांबली. शेवटी कुणीतरी कोपराला धरून तिला खाली आणलं. परत येताना रामरावनं डबी मांडीवर घेतली होती. तो ती उघडे, पाही, बंद करी. शेजारच्या माणसाला त्यानं सांगितलं, "आमच्या लहान्याचं हाये. सरकारनं देल्लं." सरकारनं नव्हे, हे त्यालाही माहीत होतं.

घरी आल्यावर इंदूबाईनं डबी पेटीत लुगड्यांच्या खाली ठेवली. काढून पाहिली नाही.

रामरावच्या घरी देव्हारा होता. त्यात खंडोबाचा टाक, भवानीचा टाक, आणि खालच्या पायरीवर घरातल्या गेलेल्या माणसांचे टाक. टाक म्हणजे चांदीचा लहानसा पत्रा, त्यावर ठोकून उठवलेली आकृती. बाईची किंवा पुरुषाची. माणूस गेल्यावर वर्षश्राद्ध झालं की त्याचा टाक करायचा आणि देव्हाऱ्यात बसवायचा. मग तो घरातला झाला. दर अमावास्येला त्याला आंघोळ, सणासुदीला नैवेद्य. ज्याचा टाक झाला नाही तो दाराबाहेर उभा आहे, असं मानत. मूलबाळ नसलेल्या माणसाचं तर त्याहून कठीण, कारण त्याला हाक मारणारं दुसरं कुणी नसतं.

१९६३ च्या भाद्रपदात वर्षश्राद्ध झालं. टाकाचा विषय निघाला तेव्हा रामराव ओसरीवर होता आणि इंदूबाई स्वयंपाकघराच्या दाराआड. तो कापूस निघाल्यावर पाहू म्हणाला. इंदूबाई हळूच कोकिळाला म्हणाली, "बाई, यायले सांगा, चांदी हाये."

"कोनती चांदी?" कोकिळानं विचारलं.

"त्यायले भेटलेली."

कोकिळानं ओसरीकडे तोंड करून ते सांगितलं. रामरावनं सगळं ऐकलंच होतं.  तो म्हणाला की हे बरोबर आहे, ते त्याचंच आहे, त्याच्यातूनच त्याला केलं तर उत्तम.

कळंबला गणपतीच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर बाबुलाल सोनाराचं दुकान होतं. सोन्याचे दागिने घडवण्यावर बंधनं घालणारा कायदा आल्यापासून त्याच्याकडे चांदीचंच काम उरलं होतं. त्यानं पदक हातात घेऊन उलटसुलट केलं, कडेवरून अंगठा फिरवला.

"वहिनी, याच्यावर अक्षरं हायेत. वितळलं का गेली."

इंदूबाई चौथी शिकलेली. ती अक्षरं इंग्रजी होती. मंडळाचं नाव असेल असं तिला वाटलं. जाऊ द्या, ती म्हणाली.

बाबुलालनं मूस भट्टीत ठेवली. पदक आधी काळवंडलं, मग कडेनं खचलं, मग एकाएकी त्याचं पाणी झालं. इंदूबाई समोरच बसून होती. आता काहीतरी वाटेल असं तिला वाटलं होतं, पण भट्टीची धग तेवढी तोंडाला लागली.

पुरुषाच्या टाकाचा ठसा बाबुलालकडे एकच होता. हात जोडून उभा असलेला माणूस, डोक्याला पागोटं, भरघोस मिशा. नानाजी डोक्याला काही बांधत नसे आणि मिशा त्यानं कधी ठेवल्या नव्हत्या. देव्हाऱ्यात टाक बसवला त्या दिवशी कोकिळा वाकून पाहून म्हणाली, "भाऊजीले मिशा कुठी होत्या वं?"

"आता आल्या," रामराव म्हणाला आणि हळद वाहिली.

इंदूबाई यवतमाळला परतली. तिच्या मनात एक गोष्ट मार्गी लागली होती. तो आता दाराबाहेर उभा नव्हता, आणि ते तिच्या हातून झालं होतं. दुःख हललं नव्हतं, पण एखादी खोली झाडून ठेवावी तसं काहीसं झालं होतं.

डिसेंबरात खानझोडे तिच्या खोलीवर आले. सोबत मंडळाचे चिटणीस होते, नागपूरचे, चष्मा लावलेले, बोलायला मऊ. विमलताईंनी दोघांना बसायला पाट दिले. चिटणिसांनी सांगितलं की येत्या जानेवारीत मंडळाची सभा यंदा यवतमाळलाच, कॉलेजात भरणार आहे, आणि त्याआधी पदक हवं आहे.

"कायले?" इंदूबाईनं विचारलं.

खानझोड्यांनी चिटणिसांकडे पाहिलं. पदक फिरतं आहे, चिटणीस म्हणाले. एका गृहस्थांनी आपल्या वडिलांच्या स्मरणार्थ मंडळाला ते एकच पदक दिलं. दर वर्षी ज्याला मान मिळेल त्याच्या घरी ते वर्षभर राहतं, मग पुढच्याकडे जातं. भाषणात हे सांगितलं होतं.

भाषण इंग्रजीत होतं. खानझोड्यांना वाटलं होतं की रामरावनं तिला सांगितलं असेल, आणि रामरावला वाटलं होतं की पदक दिलं म्हणजे दिलं, त्यात विचारण्यासारखं काही नव्हतं. इंदूबाईनं जे झालं ते सरळ सांगून टाकलं. वितळवलं. त्यांचा टाक केला. देव्हाऱ्यात बसवला.

चिटणिसांनी चष्मा काढला. टाक म्हणजे काय हे त्यांना ठाऊक होतं, त्यांच्याही घरी होते. रागावले नाहीत. बराच वेळ ते काचा पुसत राहिले आणि मग म्हणाले, "म्हणजे कडेवरची नावंही गेली."

"कोनती नावं?"

"ज्यांना ज्यांना पदक मिळालं त्यांची. दर वर्षी एक नाव कोरतो आम्ही. भोयरांचं शेवटचं होतं."

इंदूबाईनं खानझोड्यांकडे पाहिलं. ते खाली मान घालून बसले होते.

त्या अक्षरांवरून बाबुलालनं अंगठा फिरवला होता. जाऊ द्या म्हणून तिनं सांगितलं होतं. नानाजीचं नाव तिनं उभ्या जन्मात कुठे कोरलेलं पाहिलं नव्हतं. ते तिच्या घरात सात-आठ महिने पडून होतं, लुगड्यांच्या खाली.

 चिटणीसच बोलत राहिले, शांतता घालवायला. काळजी करू नका, म्हणाले. मंडळ पितळेचं नवं पदक करील. ते नवंच असेल, तेव्हा नावं यंदापासून सुरू होतील. टाक तुमच्याकडेच राहू द्या. किंवा, आणि हे त्यांनी फार जपून म्हटलं, चांदी परत मिळाली तर तेच पदक पुन्हा पाडता येईल. मग आधीची सगळी नावं पुन्हा कोरली जातील, कारण पदक तेच. नियमच तसा आहे.

"यायचंबी?"

"भोयरांचंही."

खानझोडे म्हणाले, "इंदूबाई, तुमच्यावर काही बंधन नाही. टाक ठेवला तर कोणी बोट दाखवणार नाही. मी आहे."

यंदा पदक कुणाला, हे तिनं विचारलं. उमरखेडकडचे हरिसिंग राठोड, शाळामास्तर, चिटणिसांनी सांगितलं. तांड्यातल्या पोरांना बांबूच्या नळ्यांना लोलकाचे तुकडे बसवून वर्णपट दाखवतात, गावोगाव हिंडून. आणि त्यांच्यानंतर? ते अजून ठरायचं आहे. म्हणजे दर वर्षी दुसऱ्याच्या घरी? हो. ओळखीच्या ना पाळखीच्या? हो, चिटणीस म्हणाले, तसंच.

दोघं गेल्यावर ती उंबऱ्यावर बसून राहिली. टाक ठेवला तर तो घरात राहील, आपल्या माणसांत, पण दुसऱ्याच्या मिशा लावून, बिननावाचा. टाक दिला तर नाव राहील, पण घर राहणार नाही. विमलताईंनी भाकरी आणून ठेवली होती ती तिनं सगळी खाल्ली. चव लागली नाही.

रविवारी ती कळंबच्या एसटीत बसली.

रामराव देव्हाऱ्यासमोर पाट टाकून बसला होता, कारण बातमी तिच्या आधी पोचली होती. इंदूबाई दाराआड उभी राहिली. कोकिळा दोघांच्या मधे, परातीत पीठ घेऊन.

"तिले सांग," रामराव म्हणाला, "बसवलेला देव उठवत नसते."

"आयकलं तिनं," कोकिळा म्हणाली.

"त्या मंडळवाल्याइले म्हना, न्या. नेऊन रोज आंघोळ घालजा. अमावस्येले नैवेद्य दाखवजा. पुरनाचं पायजे त्याले, साधं चालत नाई. अन् त्या चष्मेवाल्याले म्हना, सोयर आलं तं पाळजा."

कोकिळाला हसू आलं, तिनं ते पदरात दाबलं. रामराव हसला नव्हता. तो पुढे बोलत गेला. हा एकटाच भाऊ. जिवंत होता तेव्हा यवतमाळला जाऊन राहिला, परक्यांचं पाणी भरलं. मेल्यावर तरी घरी आणला, तर आता तिथूनही उठवा म्हणता. आज उमरखेडला, उद्या आणखी कुठे. भटकत राहील तो. कुणाच्या फडताळात, कुणाच्या पेटीत.

इंदूबाई सगळं ऐकत होती. मग म्हणाली, "बाई, यायले सांगा, त्या टाकावर त्यायचं नाव नाई."

"नाव कायले पायजे?" रामराव परस्पर बोलला. "आमाले मालूम नाई का कोन हाये तो?"

"यायले इचारा," इंदूबाई म्हणाली, "त्याच्या बाजूचा कोन हाये."

कोकिळानं विचारायची गरज नव्हती. रामरावनं देव्हाऱ्यात पाहिलं. खालच्या पायरीवर नानाजीच्या टाकाशेजारी एक जुना टाक होता. वर्षानुवर्षं राखेनं घासून त्याचं नाक गेलं होतं, हात कुठे संपतात आणि छाती कुठे सुरू होते ते कळत नव्हतं.

"आजा," रामराव म्हणाला.

"तुमी तं म्हनत होते आज्याचा भाऊ," कोकिळा म्हणाली.

"मंग भाऊ असन. आजा तो पलीकडचा." त्यानं पलीकडच्या टाकाकडे पाहिलं. तोही तसाच गुळगुळीत होता. "नाई तं हाच आजा असन."

"नाव काय होतं त्यायचं?" हे इंदूबाईनं विचारलं, कोकिळाकडे पाहत.

 बापाचं नाव रामरावला माहीत होतं, आज्याचंही होतं, पण त्या भावाचं नव्हतं. आणि ज्याचं नाव होतं तो यांतला कोणता हे त्याला कळत नव्हतं. तो बराच वेळ दोन्ही टाक हातात घेऊन उजेडाला धरत राहिला. कोकिळा पीठ मळायला लागली. इंदूबाई दाराआडच होती.

जेवणं झाली. रामराव पानावरून उठला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो नाहून आला, देव्हाऱ्यासमोर बसला, नानाजीच्या टाकावर अक्षता वाहिल्या आणि हात जोडून पुटपुटला. मग एक सुपारी घेऊन टाकाच्या जागी ठेवली आणि टाक ताम्हनात काढला. ताम्हन त्यानं कोकिळाकडे दिलं. कोकिळानं ते इंदूबाईकडे दिलं.

"तिले सांग," तो म्हणाला, "त्याच्या जागी सुपारी राहीन. नैवेद्य सुपारीले दाखवत जाईन मी."

बाबुलालनं टाक उलटसुलट करून पाहिला. मूस पुन्हा भट्टीत गेली. या वेळी इंदूबाईनं पाहिलं नाही, ती रस्त्याकडे तोंड करून बसली. देवळात जाणारे लोक नारळ घेऊन जात होते, परत येताना अर्धा घेऊन येत होते. चकती निवली तेव्हा बाबुलालनं ती तिच्या हातात ठेवली. कोरी, कशाचंही चित्र नसलेली.

ती तिनं प्रयोगशाळेत नेऊन खानझोड्यांच्या टेबलावर ठेवली. मग तिथेच उभी राहिली. ते म्हणाले, चांदी तीच आहे, कितीही वेळा वितळवली तरी तिच्या रेघा बदलत नाहीत. ते त्यांनी दिलासा म्हणून सांगितलं. तिनं मान हलवली. मग म्हणाली, "सर, नाव मराठीत कोरता येईन का? एकच."

खानझोड्यांनी येईल म्हणून सांगितलं, आणि नागपूरला चिटणिसांशी बोलून ते करवून घेतलं.

जानेवारीत कॉलेजच्या मोठ्या वर्गात सभा झाली. बाहेरगावचे प्राध्यापक आले होते, खुर्च्या पुरल्या नाहीत, पोरं खिडक्यांत बसली. इंदूबाई मागच्या दाराशी उभी होती. संशोधनाचा मान कुणाला मिळाला ते तिच्या लक्षात राहिलं नाही. सेवेच्या मानासाठी हरिसिंग राठोड उठले. उंच, उन्हानं रापलेले, डोक्याला पिवळा फेटा. पदक त्यांनी दोन्ही हातांनी घेतलं आणि दोन वाक्यं बोलले. तांड्यातल्या पोरांनी पहिल्यांदा नळीतून पाहिलं तेव्हा कुणी ओरडलं नाही, सगळी गप्प झाली, एवढंच त्यांना सांगायचं होतं.

चहाच्या वेळी खानझोड्यांनी बोटानं दाखवलं असावं. हरिसिंग सरळ तिच्याकडे आले.

"बाई, तुमी पाह्यलं का?"

तिनं हात पदराला पुसले. पदक आता पुन्हा गोल होतं, वर मंडळाची खूण. कडेनं बारीक अक्षरं, सगळी इंग्रजी. ती पदक फिरवत गेली. एके ठिकाणी अक्षरं ओळखीची झाली. नानाजी सखाराम भोयर. त्यानंतर पुन्हा इंग्रजी, हरिसिंगचं नाव.

नवऱ्याचं नाव तिनं कधी तोंडानं घेतलं नव्हतं. आताही घेतलं नाही, मनात वाचलं. मनातही ते पहिल्यांदाच. कोरलेल्या अक्षरांच्या कडा बोटाला टोचल्या, आणि ते टोचणं तिला नीट कळलं.

तिनं पदक परत दिलं.

"वरीसभर जपून ठेवतो," हरिसिंग म्हणाले.

"चिंचेनं पुसजा," ती म्हणाली. "राख लावू नका. राखेनं अक्षरं जातात."

संध्याकाळच्या एसटीनं ते उमरखेडला गेले.

पुढची अमावास्या आली तेव्हा इंदूबाई कळंबच्या घरी होती. रामराव देव्हाऱ्यातले टाक एक एक करून धूत होता. त्याच्याजवळ राखेची वाटी नव्हती, चिंचेचा कोळ होता. इंदूबाईनं कोकिळाला सांगितलेलं तिनं त्याला सांगितलं असावं. खालच्या पायरीवर सुपारी होती. ती त्यानं धुतली, पुसली, जागेवर ठेवली, आणि तिच्याकडे पाहत राहिला.

"तिले विचार," तो बायकोला म्हणाला, "नान्या आता कुठी हाये."

कोकिळानं दाराकडे तोंड वळवलं, पण तिला बोलावं लागलं नाही.

"उमरखेडले गेले," इंदूबाई म्हणाली.

हे तिनं कोकिळाला उद्देशून म्हटलं नव्हतं. रामरावनं दाराकडे पाहिलं नाही. दुसरा टाक उचलला, कोळात बुडवला.

"कोनाकडं?"

"मास्तर हायेत. राठोड."

"मानसं बरी हायेत का?"

"बरी दिसली."

कोकिळा एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहत होती. मग ती उठून चुलीकडे गेली. रामरावनं टाक पंच्यानं कोरडा केला, आणि तो आजा आहे की आज्याचा भाऊ हे न ठरवता जागेवर ठेवला.

"अन् पुढच्या साली?"

"अजून ठरलं नाई," इंदूबाई म्हणाली.